कायम म्हणजे कुठवर? न संपणाऱ्या गोष्टींचे शब्द

'शाश्वत', 'चिरंतन', 'अक्षय', 'अखंड', 'नित्य'. शब्दकोश उघडला तर यांतल्या बहुतेकांपुढे थोड्याफार फरकानं एकच अर्थ दिसतो: कायम असणारं, न संपणारं. म्हणून आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण जरा अदलाबदल करून पाहा. 'अखंड बडबड' चालतं, 'चिरंतन बडबड' म्हटलं की कान अडखळतो. मूल्यं 'शाश्वत' असतात, 'अविरत' नसतात. कटकट 'नित्याची' असते, 'अक्षय' नसते.

कान अडखळतो त्याला कारण आहे. यातला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो, आणि ती ओळखायला दोन प्रश्न पुरतात. हा शब्द नेमकं काय नाकारतो? आणि हमी देतो ती कुठवरची?

पहिला प्रश्न आधी घेऊ, कारण न संपणं सांगायचं झालं की भाषा बहुधा नकाराचाच आधार घेते. अमर, अजर, अक्षय, अखंड, अनंत, अविनाशी, अविरत, अव्याहत, अढळ, निरंतर: सगळ्यांच्या तोंडाशी 'अ' नाही तर 'निर्'. न संपणारी गोष्ट अथपासून इतिपर्यंत कुणीच पाहिलेली नसते. पाहिलेलं असतं ते मरणं, झिजणं, तुटणं, थांबणं. मग त्यातली एकेक गोष्ट खोडून शब्द घडवला जातो. म्हणूनच 'अमर' मरण नाकारतो, पण फक्त मरणच. म्हातारपण नाकारायला 'अजर' वेगळा लागतो, आणि दोन्ही हवं असेल तर 'अजरामर'.

हा भेद किती खरा आहे ते पाहायचं तर अश्वत्थामा पाहावा. महाभारताच्या सौप्तिकपर्वात त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला जातो आणि कृष्ण त्याला शाप देतो: अंगाला रक्त-पुवाची दुर्गंधी घेऊन, कुणाशी बोलता येणार नाही अशा अवस्थेत, तू तीन हजार वर्षं एकटा भटकशील. लोकपरंपरेनं ती तीन हजार वर्षंही पुसून टाकली आणि त्याला भळभळत्या जखमेसह कायमचा फिरत ठेवला. इथे मरण नाकारलेलं आहे, वेदना नाकारलेली नाही. त्याच्यापुरता अमरपणा हा वर नाही, शिक्षा आहे. 'अमर' म्हणजे सुखी, असं शब्दात कुठेच नाही. ते आपण पदरचं घालतो.

'अक्षय' नाकारतो ते झिजणं, उणं होणं. म्हणून तो साठ्याला शोभतो: अक्षय पात्र, अक्षय भाता, अक्षय ऊर्जा. याच्याच शेजारी 'अक्षय्य' आहे आणि दोन्हींत बरोबर कोणता यावर दरवर्षी वाद होतो. बरोबर दोन्ही आहेत, अर्थ वेगळे आहेत. पाणिनीनं 'क्षय्य' आणि 'जय्य' ही रूपं शक्यता दाखवण्यासाठी सांगितली आहेत: क्षय्य म्हणजे ज्याचा क्षय करता येईल असं, जय्य म्हणजे ज्याला जिंकता येईल असा. तेव्हा अक्षय म्हणजे ज्याला क्षय नाही ते, आणि अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय करताच येणार नाही ते. एक वस्तुस्थिती सांगतो, दुसरा अशक्यता. मला 'अक्षय्य' जास्त ताकदीचा वाटतो, कारण तो पुढची आव्हानंही आधीच फेटाळून लावतो.

आता अखंड, अविरत, निरंतर, अव्याहत. हा गट नीट ओळखला नाही तर मोठा घोटाळा होतो. हे शब्द शेवट नाकारतच नाहीत. 'अखंड' तुकडे पडणं नाकारतो, 'निरंतर' मधलं अंतर, 'अविरत' मधेच थांबणं, 'अव्याहत' अडथळा. 'सतत' हा त्यांच्यातलाच, फक्त नकाराशिवाय: मुळात ताणलेलं, एकसारखं पसरलेलं. तीन तास अखंड पाऊस पडू शकतो आणि चौथ्या तासाला लख्ख ऊन पडू शकतं. 'अखंड' तेवढ्यानं खोटा ठरत नाही. चालू असेपर्यंत मध्ये खंड नाही, एवढंच तो म्हणतो. 'अविरत सेवेची 40 वर्षं' हे वाक्य म्हणूनच बिनचूक आहे, आणि 'चिरंतन सेवेची 40 वर्षं' नाही.

गणिताच्या पाठ्यपुस्तकात मात्र 'अखंड' वेगळ्या जागी बसलेला आहे. 1 ला 4 नं भागलं की 0.25 येतं आणि भागाकार संपतो. हा 'खंडित' दशांश. 1 ला 3 नं भागलं की 0.333… असं चालूच राहतं. हा 'अखंड आवर्ती'. इथे खंड म्हणजे मधली फट नाही, तोडून थांबणं. त्यामुळे इथला 'अखंड' खरोखरच न संपणारा आहे. एकच शब्द, पण गणितात त्याला नेमून दिलेलं काम निराळं.

गणितात शिरलोच आहोत तर 'अनंत'पाशी थोडं थांबायला हवं, कारण रोजच्या बोलण्यात या शब्दाची सर्वांत जास्त ओढाताण होते. असंख्य, अगणित, अमाप, असीम, अनंत: पुष्कळ म्हणायचं असलं की यातला हाताला येईल तो उचलतात. जैन गणित्यांनी हे सगळं फार पूर्वी वेगळं करून ठेवलं. त्यांनी संख्यांचे तीन वर्ग मानले: संख्येय, असंख्येय आणि अनंत. संख्येय मोजता येतं. असंख्येय इतकं मोठं की मोजणीच्या आवाक्यात येत नाही, तरी ते अनंत नव्हे. अनंत त्याच्याही पलीकडचं. पृथ्वीवरचे वाळूचे कण मोजायला कुणी बसणार नाही, पण त्यांचा कुठेतरी ठरावीक आकडा आहेच. ते असंख्य आहेत, अनंत नाहीत. 1, 2, 3, 4 ही रांग मात्र अनंत आहे, कारण कोणताही आकडा शेवटचा म्हणून पुढे केला तरी त्यात 1 मिळवता येतो.

'असीम' तर आणखी वेगळा. पृथ्वीच्या पृष्ठभागावर कितीही चाला, कड म्हणून लागणार नाही. सीमा नाही, म्हणजे असीम. पण त्याचं क्षेत्रफळ सुमारे 51 कोटी चौरस किलोमीटर आहे, म्हणजे नक्कीच अनंत नाही. सीमा नसणं वेगळं आणि मापाला अंत नसणं वेगळं. विश्वाच्या आकाराबद्दल वाचताना हा एक भेद ध्यानात ठेवला तरी बराच गोंधळ मिटतो.

अनंताचा स्वभाव कसा असतो हे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात सांगितलं. ज्या राशीच्या छेदात शून्य आहे तिला त्यांनी 'खहर' म्हटलं आणि लिहिलं की तिच्यात कितीही मिळवा किंवा तिच्यातून कितीही काढा, तिच्यात फरक पडत नाही. जसं प्रलयकाळी किंवा सृष्टीच्या वेळी अनंत अच्युतात भूतमात्रांचे समूह शिरले वा त्यातून बाहेर पडले तरी त्याच्यात फरक पडत नाही. आजचं गणित शून्यानं भागाकार करू देत नाही, तेव्हा खहर ही कल्पना त्या रूपात टिकलेली नाही. पण 'मिळवलं तरी तेवढंच, काढलं तरी तेवढंच' ही अनंताची ओळख मात्र आजही तशीच शिकवतात. पुढे 1874 मध्ये जर्मन गणिती गेओर्ग कँटर यांनी सिद्ध केलं की अनंतही सगळे सारखे नसतात: 1, 2, 3… या संख्यांपेक्षा रेषेवरच्या बिंदूंचा अनंत मोठा आहे, आणि ते बिंदू कितीही प्रयत्न केला तरी एकापाठोपाठ एक असे यादीत बसवता येत नाहीत. अनंताला लहान-मोठं म्हणता येतं, यावर तेव्हा मोठमोठ्या गणित्यांचाही विश्वास बसला नव्हता.

आता दुसरा प्रश्न: हमी कुठवरची?

'चिर' म्हणजे दीर्घ काळ. बस, इतकंच. त्यात अंत नाकारलेला नाही. 'चिरंजीव हो' या आशीर्वादाचा अर्थ दीर्घ काळ जग. मरू नकोस असा नाही. परंपरेत सात चिरंजीव सांगितले आहेत आणि त्यांचंही आयुष्य कल्पाच्या अखेरीपर्यंतच मानतात. 'चिरस्थायी', 'चिरतरुण', 'चिरकाल' हे सगळे त्याच मापाचे. 'चिरंतन' त्यांच्यातलाच, पण आज तो 'शाश्वत'च्या पंगतीला जाऊन बसला आहे. त्यातला 'तन' हा काळाशी नातं जोडणारा प्रत्यय. सनातन, पुरातन, अद्यतन, नूतन यांच्यात तोच आहे. फार जुनं सांगणाऱ्या आणि अगदी नवं सांगणाऱ्या शब्दांना एकच शेपूट लागावं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

बरं, कल्प म्हणजे किती? पुराणांच्या हिशेबानं ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे 432 कोटी वर्षं. तेवढीच रात्र. अशा दिवस-रात्रींचं 360 दिवसांचं वर्ष आणि अशी 100 वर्षं धरली तर ब्रह्मदेवाचं आयुष्य 3,11,04,000 कोटी वर्षं भरतं. आकडा प्रचंड आहे, पण आकडा आहे. विष्णुपुराण तर उघडच सांगतं की भूतमात्रांचा प्रलय होईपर्यंत टिकून राहणं यालाच अमरत्व म्हणतात. देवांच्या अमरपणालाही मुदत आहे, हे ज्या परंपरेनं ते शब्द दिले तिनंच लिहून ठेवलं आहे.

जुन्या दानपत्रांत आणि शिलालेखांत 'आचंद्रार्क' असा शब्द येतो: चंद्र-सूर्य असेतो हे दान चालावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळावं म्हणून दगडावर चंद्र-सूर्य कोरलेले असत. मराठी कागदपत्रांत तीच हमी 'लेकराचे लेकरी' आणि 'वंशपरंपरेने' अशा शब्दांत येते. आजच्या खगोलशास्त्राप्रमाणे सूर्यातलं इंधन आणखी सुमारे 500 कोटी वर्षं पुरेल. म्हणजे आजपासून मोजलं तर आचंद्रार्क हा करार एका कल्पापेक्षाही लांबचा आहे. आणि तरीही मुदतीचा.

'आ' हा उपसर्ग असाच मुदत बांधून देतो. आमरण म्हणजे मरेपर्यंत, आकल्प म्हणजे कल्पापर्यंत. 'आजन्म' मुळात जन्मापासून, पण मराठीत तो जन्मभर या अर्थानं रुळला: आजन्म ऋणी, आजन्म कारावास. इथे शब्दाचा अर्थ कुणाच्या तरी आयुष्याचा प्रश्न होऊन बसतो. 'जन्मठेप म्हणजे 14 वर्षं' असं पुष्कळांना ठामपणे वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं संपूर्ण आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्येच स्पष्ट केलं. शिक्षेत सूट देणं हा सरकारचा अधिकार, कैद्याचा आपोआप मिळणारा हक्क नव्हे. मग 14 हा आकडा आला कुठून? ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर निदान 14 वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सुटका करता येणार नाही, अशी तरतूद 1978 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत घातली गेली. म्हणजे 14 वर्षं हा अशा शिक्षेचा तळ आहे, शेवट नाही. तळालाच शेवट समजण्याची चूक वर्षानुवर्षं बातम्यांत आणि गप्पांत चालत आली आहे.

'नित्य' या शब्दानं तर मोठमोठ्या पंडितांना विचारात पाडलं. आज नित्य म्हणजे रोजचं: नित्यनेम, नित्याचं काम. तत्त्वज्ञानात मात्र नित्य म्हणजे न बदलणारं, अविनाशी. एकाच शब्दात रोज घडणारं आणि कधीच न बदलणारं, हे दोन्ही कसं? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीनं 'महाभाष्य' या व्याकरणग्रंथाच्या अगदी सुरुवातीलाच हा प्रश्न हाताळला आहे. तो म्हणतो, नित्य हा शब्द अढळ वस्तूंनाच लावतात असं नाही, वारंवारपणालाही लावतात. उदाहरण देतो ते थेट बोलण्यातलं: 'नित्यप्रहसित', 'नित्यप्रजल्पित', म्हणजे सदा हसणारा, सदा बडबडणारा. असा माणूस झोपतोही, जेवतोही. पण तो पुन्हा हसणार आणि पुन्हा बोलणार, याची खात्री असते.

पतंजली तिथेच थांबत नाही. कूटस्थ, म्हणजे ऐरणीसारखं अविचल, जे वाढत नाही, घटत नाही, बदलत नाही ते नित्य, हे तो सांगतो. आणि लगेच पुढे म्हणतो की ज्याचं तत्त्व नष्ट होत नाही तेही नित्यच. सोन्याचा गोळा मोडून दागिना केला, तो मोडून कडं केलं, तेही मोडून आणखी काही घडवलं. आकार दर वेळी वेगळा, सोनं तेच. कायमपणाचे हे दोन प्रकार पुढच्या विवेचनात 'कूटस्थनित्यता' आणि 'प्रवाहनित्यता' म्हणून ओळखले गेले. पहिल्यात वस्तू जागची हलत नाही. दुसऱ्यात काही ना काही बदलत राहतं, पण ओळख आणि क्रम चालू राहतो. नदी दुसऱ्या प्रकारची. भाषाही.

आपल्या राज्यघटनेतली राज्यसभा याचं चोख उदाहरण आहे. तिला स्थायी सभागृह म्हणतात. लोकसभेसारखी ती विसर्जित होत नाही. पण तिच्यातला एकही सदस्य स्थायी नाही. प्रत्येकाची मुदत सहा वर्षं आणि दर दोन वर्षांनी साधारण एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. माणसं येत-जात राहतात म्हणूनच सभागृह अभंग राहतं.

'स्थायी', 'स्थिर', 'स्थावर' या सगळ्यांच्या मुळाशी 'स्था' धातू आहे: उभं राहणं. आणि आपला रोजचा 'कायम'? तो अरबीतून फारसीमार्गे आला, आणि त्याचाही मूळ अर्थ 'उभा असलेला'. त्याच अरबी धातूपासून 'मुक्काम' हा शब्द झाला आहे. एक कायमचा, दुसरा चार दिवसांचा, आणि दोघे भावंडं. उभं राहणं दोन्हीत आहे. किती वेळ, ते शब्दात नाही. म्हणूनच मराठीत 'कायम' इतक्या सहजपणे तात्पुरत्या गोष्टींनाही लागतो. उच्च न्यायालयानं शिक्षा 'कायम केली' म्हणजे ती आहे तशी उभी ठेवली. सर्वोच्च न्यायालय ती उद्या रद्दही करू शकतं. नोकरीत 'कायम झालो' म्हणजे निवृत्तीपर्यंत. महाराष्ट्रात 'कायम विनाअनुदानित' शाळा असा एक सरकारी वर्गच होता. 2009 मध्ये त्यातला 'कायम' शब्द वगळला गेला आणि त्या शाळांना अनुदानाकडे जाण्याची वाट मोकळी झाली. हजारो शिक्षकांचा पगार त्या एका शब्दावर अडला होता.

अढळपणाचं आपलं सर्वांत आवडतं प्रतीक म्हणजे ध्रुव. पण ध्रुवपद हे खरोखरच पद आहे. त्यावर बसणारा तारा बदलतो. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो आणि एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे 26,000 वर्षं लागतात. आज अक्षाच्या रोखाजवळ ध्रुवमत्स्यातला तारा आहे. सुमारे 4,800 वर्षांपूर्वी त्या जागी कालेय तारकासमूहातला थुबान होता. आणखी साधारण 12,000 वर्षांनी तिथे जवळपास अभिजित असेल. आजचा ध्रुवही अगदी अचल नाहीच. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो किंचित बाजूला असल्यामुळे दिवसरात्रीत मिळून छोटंसं वर्तुळ काढतो. कॅमेरा रोखून रात्री तासन् तास फोटो घेतला तर त्या वर्तुळाचा तुकडा स्पष्ट उमटतो.

बोलीनं या सगळ्या तत्त्वज्ञानाला वळसा घालून सोपी युक्ती काढली: शब्द दोनदा म्हणायचा. पिढ्यानपिढ्या, वर्षानुवर्षं, युगानुयुगं, जन्मोजन्मी. न संपणं दाखवायला एकामागून दुसरं ठेवायचं, पुढचं ऐकणारा समजून घेतो. रटाळ न संपण्याला मारुतीचं शेपूट आहेच.

आणि मौज म्हणजे 'शाश्वत'चं मूळही याच युक्तीत आहे. तो 'शश्वत्'वरून आला, आणि वेदातला शश्वत् हा पुन्हा पुन्हा येणाऱ्या, एकामागून एक असणाऱ्या गोष्टींचा शब्द. ऋग्वेदात उषेला त्याचं 'शश्वत्तमा' हे रूप लावलेलं आहे: परतून येणाऱ्यांत सर्वांत नेमानं येणारी. पुढे काळाच्या ओघात 'शाश्वत' अचल, अविनाशी या अर्थाकडे झुकला.

म्हणून 'शाश्वत विकास' या शब्दावर घेतला जाणारा आक्षेप मला पटत नाही. जगात काहीच शाश्वत नाही, मग विकास कसा असेल, असं विचारतात. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या 1987 च्या अहवालात त्याची व्याख्या आहे: आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची त्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता हिरावून न घेणारा विकास. त्यात अचल काहीच नाही. पुन्हा पुन्हा करता येणं आहे. या विचाराची लेखी सुरुवात वनशास्त्रात झाली. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या चांदीच्या खाणी आणि भट्ट्या लाकडावर चालत आणि जंगलं संपत चालली होती. तिथल्या खाण प्रशासनातले हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी 1713 मध्ये ग्रंथ लिहून सांगितलं की लाकूड तोडायचं ते पुन्हा लागवड करत आणि वाढीचा हिशेब ठेवून. झाडं तोडली जाणार, नवी वाढणार, तीही तोडली जाणार. जंगल उभं राहणार ते या क्रमावर, आणि वेदातला शश्वत् नेमका याच क्रमाला लागू पडतो.